मेंदूतलं रक्त पहिल्यांदा फोटोत पकडणारा डॉक्टर, ज्याला नोबेल मात्र भलत्याच कामासाठी मिळालं

जुलै-ऑगस्ट उजाडला की कोल्हापूरकरांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ हमखास येतो. राधानगरी धरण भरलं, स्वयंचलित दरवाजे उघडले, पाणी भोगावतीत झेपावलं. शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून उभ्या राहिलेल्या या धरणाला असे सात दरवाजे आहेत. पाण्याची पातळी ठराविक उंचीवर गेली की ते आपोआप उघडतात, आणि मग खाली पंचगंगेकाठची गावं कान टवकारून बसतात.

कारण या भागातल्या माणसाला एक गोष्ट पुस्तक न वाचताही कळते. पाणी येण्याची वाट बंद झाली तर रान वाळतं. पण पाणी जाण्याची वाट बंद झाली तर फुगवटा येतो. पुढं पाणी सरकत नाही, मागून येणारं थांबत नाही, आणि नदी पात्र सोडून शेतात, घरात शिरते.

मेंदूचंही अगदी तसंच आहे.

आपण ज्याला लकवा किंवा पॅरालिसिसचा अटॅक म्हणतो, त्यात बहुतेक वेळा मेंदूकडं रक्त नेणारी धमनी बंद होते. म्हणजे रान वाळतं. पण एक दुसरा, कमी ऐकिवात असलेला प्रकार आहे. त्यात मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होते. रक्त आत येत राहतं, बाहेर जायला वाट नाही. मेंदूत फुगवटा येतो. डॉक्टर याला सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिस म्हणतात, थोडक्यात सीव्हीटी. एकूण स्ट्रोकच्या रुग्णांत याचं प्रमाण एक टक्क्याच्या आतबाहेर आहे, पण हा आजार जास्त करून तरुणांना गाठतो, त्यातही बायकांना, आणि त्यातही बाळंतपणाच्या आगेमागे.

आता प्रश्न असा, की कवटी तर बंद डबा. आत रक्त कुठं अडलंय, कुठं तुंबलंय, औषध दिल्यावर वाट मोकळी झाली का, हे कळणार कसं? आज त्यासाठी सीटी स्कॅन, एमआरआय आणि मेंदूतल्या रक्तप्रवाहाचा हिशोब मांडणारं परफ्युजन इमेजिंग आहे. पण जिवंत माणसाच्या मेंदूतलं रक्त फोटोत दाखवता येतं, हे जगाला पहिल्यांदा दाखवलं ते पोर्तुगालच्या एका डॉक्टरनं.

त्यांचं नाव एगास मोनीझ. हा माणूस खासदार होता, जेलमध्ये जाऊन आला होता, परराष्ट्रमंत्री होता, त्यानं पत्त्यांच्या इतिहासावर आणि आपल्या गोव्याच्या एका पाद्र्यावरही पुस्तक लिहिलं होतं. त्याला नोबेल मिळालं, आणि ते परत घ्या अशी मागणी त्याच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी झाली. हा विषय काय आहे, तोच बघू.

नावच उसनं घेतलेलं

२९ नोव्हेंबर १८७४ ला उत्तर पोर्तुगालमधल्या अवांका नावाच्या गावात या पोराचा जन्म झाला. घराणं जुनं, जमीनजुमलावालं. खरं नाव अँटोनियो आणि पुढं लांबलचक आडनावांची रांग. पण त्याचे काका, जे त्याचे धर्मपिता आणि स्वतः पाद्री होते, त्यांची अशी पक्की समजूत होती की आपलं घराणं बाराव्या शतकातल्या एगास मोनीझ नावाच्या सरदाराचं. हा सरदार म्हणजे पोर्तुगालच्या पहिल्या राजाचा पालक आणि गुरू. आपल्याकडं एखाद्या घरात बाजीप्रभूंशी नातं सांगावं, तसा प्रकार. काकांनी पोराला तेच नाव चिकटवलं आणि पुढं जगानं त्याला त्याच नावानं ओळखलं.

पोरगं कोइंब्रा विद्यापीठात डॉक्टरकी शिकलं आणि १८९९ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलं. पण त्याआधीच एक दुखणं मागं लागलं होतं. वयाच्या चोविसाव्या वर्षीच त्यांना संधिवाताचा गाऊट नावाचा प्रकार जडला. बोटांचे सांधे सुजायचे, हळूहळू वाकडे झाले. डॉक्टर झालेल्या माणसाचे हातच गेल्यासारखे. पुढं आयुष्यभर त्यांच्या डोक्यातल्या कल्पना प्रत्यक्षात उतरवायला दुसऱ्याचे हात लागले. ही गोष्ट लक्षात ठेवा.

पुढचं शिक्षण बोर्डो आणि पॅरिसमध्ये झालं. त्या काळी मेंदू आणि मज्जासंस्थेच्या अभ्यासात पॅरिस म्हणजे पंढरी. तिथून परत आल्यावर १९११ मध्ये ते लिस्बन विद्यापीठात न्यूरोलॉजीचे प्राध्यापक झाले.

जेल, संसद आणि पॅरिसची परिषद

पण या गड्याचं मन फक्त दवाखान्यात रमत नव्हतं. १९०३ पासून ते खासदार होते. पोर्तुगालमध्ये तेव्हा राजा होता आणि राजाविरुद्ध धुसफुस चालू होती. १९०८ च्या सुरुवातीला एक उठाव फसला आणि त्यात हात असल्यावरून मोनीझ काही काळ तुरुंगात जाऊन आले. १९१० मध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं आणि मोनीझ यांचं वजन वाढलं. १९१७ मध्ये ते स्पेनमध्ये पोर्तुगालचे राजदूत झाले आणि १९१८ मध्ये थेट परराष्ट्रमंत्री.

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. पॅरिसमध्ये शांतता परिषद भरणार होती आणि पोर्तुगालच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व मोनीझ यांच्याकडं आलं. पण त्याच दरम्यान, १४ डिसेंबर १९१८ ला, त्यांचे नेते आणि देशाचे अध्यक्ष सिदोनियो पाइस यांची लिस्बनच्या रेल्वे स्टेशनवर गोळ्या घालून हत्या झाली. सत्तेची समीकरणं फिरली. १९१९ मध्ये मोनीझ यांना बाजूला करून शिष्टमंडळाची सूत्रं दुसऱ्याकडं दिली गेली.

राजकारणातून ते बाहेर पडले. वय पंचेचाळिशीचं, हात वाकडे, पद गेलेलं. बहुतेक माणसं इथं आत्मचरित्र लिहायला बसतात.

गोव्याशी असलेलं नातं

मोनीझ यांनीही पुस्तक लिहिलं, पण दुसऱ्याबद्दल. १९२५ मध्ये त्यांचं अॅबे फारिया यांच्यावरचं पुस्तक आलं.

पणजीला मांडवीकाठी जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा आहे. एक पाद्री हात पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक बाई कोसळल्यासारखी झालीय. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ मध्ये घडवलेला हा पुतळा अॅबे फारिया यांचा. बार्देशातल्या कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा माणूस पॅरिसला गेला आणि संमोहनाच्या शास्त्राचा एक आद्य अभ्यासक ठरला. संमोहन करणाऱ्याच्या हातात कुठलीही जादू नसते, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं, हे त्यांनी त्या काळात मांडलं. लोकांनी टिंगल केली आणि १८१९ मध्ये ते गेले.

गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता, त्यामुळं फारिया यांची कागदपत्रं आणि आठवणी पोर्तुगीज जगात शिल्लक होत्या. जवळजवळ विसरला गेलेला हा गोवेकर वैद्यकाच्या इतिहासात परत आणून बसवण्यात मोनीझ यांच्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. म्हणजे पणजीतल्या त्या पुतळ्यासमोर सेल्फी काढताना लिस्बनच्या या डॉक्टरचीही आठवण ठेवायला हरकत नाही.

कवटीच्या आत बघायचं कसं?

आता मूळ विषयाकडं येऊ. १८९५ मध्ये राँटगेन यांनी एक्स-रे शोधला होता. पण एक्स-रेमध्ये हाडं दिसतात. कवटीचा फोटो काढला तर कवटीच दिसते, आतला मेंदू नाही. मेंदूत गाठ आहे का, असेल तर कुठल्या बाजूला, हे डॉक्टर लक्षणांवरून अंदाजानं ठरवायचे आणि बऱ्याचदा चुकीच्या जागी कवटी उघडायचे.

१९१८ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी एक उपाय काढला. मेंदूच्या पोकळ्यांतलं पाणी काढून तिथं हवा भरायची आणि मग एक्स-रे काढायचा. पोकळी सरकलेली दिसली की गाठ कुठं आहे ते कळायचं. पण कवटीला भोक पाडून आत हवा भरणं म्हणजे रुग्णाचे हाल आणि जिवाला धोका.

मोनीझ यांनी वेगळा विचार केला. मेंदूत सगळीकडं रक्तवाहिन्या पसरलेल्या आहेत. रक्तातच असं काहीतरी सोडलं की जे एक्स-रेला अडवतं, तर रक्तवाहिन्यांचं अख्खं झाड फोटोत उमटेल. कुठं फांदी वाकलीय, कुठं तुटलीय, ते बघून आतलं दुखणं ओळखता येईल. कल्पना साधी होती. अडचण एवढीच की असं औषध हवं जे दिसेलही आणि रुग्णाला मारणारही नाही.

तेव्हा त्यांचं वय पन्नाशी ओलांडलेलं. ज्या वयात माणसं निवृत्तीचा हिशोब मांडतात, त्या वयात त्यांनी संशोधनाला सुरुवात केली. सोबतीला होता पेद्रो आल्मेडा लिमा हा तरुण डॉक्टर. मोनीझ यांचे हात सुई धरण्याच्या लायकीचे राहिले नव्हते. लिमा त्यांचे हात झाले.

आधी प्रयोग कुत्र्यांवर झाले, मग मृतदेहांच्या डोक्यांवर. ही डोकी शवागारातून दवाखान्यातल्या एक्स-रे मशीनपर्यंत मोटारीतून न्यावी लागायची. वाटेत गाडी बंद पडली किंवा पोलिसांनी थांबवलं तर काय सांगायचं, ही धास्ती वेगळीच.

२८ जून १९२७

सुरुवातीला त्यांनी स्ट्रॉन्शियम ब्रोमाईड हे रसायन वापरलं. मानेजवळची कॅरोटिड धमनी उघडी करून त्यात ते सोडायचं आणि लगेच एक्स-रे. पहिल्या रुग्णांमध्ये नीट चित्र आलं नाही. मग एका रुग्णाचा मृत्यू झाला. इंजेक्शननंतर रक्तवाहिनीत गुठळी झाली होती. जी गोष्ट शोधायला निघालो, तीच आपल्या हातून घडली.

मोनीझ थांबले. ब्रोमाईड बाजूला ठेवलं आणि आयोडीनकडं वळले. आयोडीन एक्स-रेला चांगलं अडवतं आणि शरीराला तुलनेनं कमी त्रास देतं. २५ टक्के सोडियम आयोडाईडचं द्रावण तयार झालं.

२८ जून १९२७ ला लिस्बनमध्ये २० वर्षांच्या एका तरुणाच्या कॅरोटिडमध्ये हे द्रावण सोडलं गेलं. फोटो धुऊन बाहेर आला आणि त्यात मेंदूच्या धमन्या स्पष्ट दिसत होत्या. त्या तरुणाच्या पिट्युटरी ग्रंथीजवळ गाठ होती आणि तिनं रक्तवाहिन्या बाजूला ढकलल्या होत्या, तेही दिसत होतं. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा हा पहिला यशस्वी फोटो. दोनच आठवड्यांत मोनीझ पॅरिसला गेले आणि तिथल्या न्यूरोलॉजिस्टांपुढं हे चित्र ठेवलं. सेरेब्रल अँजिओग्राफीचा जन्म झाला होता.

आज कोल्हापुरात, पुण्यात किंवा मुंबईत कुणी अँजिओग्राफी करून घेतं किंवा सीटी स्कॅनच्या आधी हाताच्या शिरेत औषध टोचून घेतं, तेव्हा त्या औषधात आजही आयोडीनच असतं. औषध खूप सुधारलं, धमनी कापून उघडायची गरज राहिली नाही, पण मूळ युक्ती मोनीझ यांचीच.

रक्त किती सेकंदांत फिरतं?

मोनीझ यांचं हे काम इथं संपत नाही, आणि परफ्युजन इमेजिंगच्या दृष्टीनं पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

एक फोटो म्हणजे एक क्षण. पण रक्त तर वाहतं. आधी धमन्यांत, मग केसाएवढ्या बारीक वाहिन्यांत, मग शिरांत. एकच फोटो काढला तर यातला एकच टप्पा दिसणार. मोनीझ यांचे सहकारी पेरेरा काल्डास यांनी एक फिरतं यंत्र बनवलं, ज्यात एक्स-रेच्या फिल्म एकामागून एक पुढं यायच्या. साधारण सेकंदासेकंदाला एक फोटो. आता पहिल्या फोटोत धमन्या, नंतरच्या फोटोंत शिरा दिसू लागल्या. रक्त मेंदूत कधी शिरलं आणि कधी बाहेर पडलं, याचा वेळ मोजता येऊ लागला.

म्हणजे पाणी धरणातून सुटलं किती वाजता आणि राजाराम बंधाऱ्यावर पोचलं किती वाजता, तसा हिशोब. आजचं परफ्युजन स्कॅन हाच हिशोब कॉम्प्युटरवर, मेंदूच्या प्रत्येक ठिपक्यासाठी वेगळा मांडतं.

१९३७ मध्ये मोनीझ, लिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. अर्धांगवायू झालेल्या काही रुग्णांच्या मानेतली कॅरोटिड धमनी गुठळीनं पूर्ण बंद झालेली अँजिओग्राफीत दिसली. तोपर्यंत अशा गुठळ्या बहुतेक वेळा शवविच्छेदनातच सापडायच्या. आता माणूस जिवंत असताना गुठळी दिसू लागली, म्हणजे काही करायची संधी मिळाली.

या कामाला एक काळी किनारही आहे. १९३१ पासून त्यांनी थोरोट्रास्ट नावाचं नवं औषध वापरायला सुरुवात केली. चित्र सुरेख यायचं, शिराही छान दिसायच्या, रुग्णाला टोचताना त्रास कमी. जगभरात ते वापरलं गेलं. पण त्यात थोरियम होतं, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ. शरीरातून ते बाहेर पडत नाही, यकृतात साठून राहतं. अनेक वर्षांनी त्या रुग्णांमध्ये यकृताचे कॅन्सर दिसू लागले. टोचल्या दिवशी सगळं झकास होतं. हिशोब पंचवीस-तीस वर्षांनी आला.

मोनीझ यांच्या पुढच्या कामातही हाच धडा आहे, फक्त जास्त कडवट.

दुसरा प्रयोग, ज्यानं नाव काळवंडलं

अँजिओग्राफीसाठी मोनीझ यांचं नाव नोबेलसाठी १९२८ आणि १९३३ मध्ये सुचवलं गेलं. दोन्ही वेळा मिळालं नाही.

१९३५ च्या ऑगस्टमध्ये लंडनला न्यूरोलॉजिस्टांची मोठी परिषद भरली. तिथं अमेरिकेच्या येल विद्यापीठातल्या फुल्टन आणि जेकबसन यांनी बेकी आणि लुसी या दोन चिंपांझींवरच्या प्रयोगांची माहिती दिली. मेंदूचा पुढचा भाग काढल्यावर त्यातली एक, जी आधी हरली की आदळआपट करायची, ती शांत झाली होती. मोनीझ तिथं हजर होते. मानसिक आजारात मेंदूच्या पुढच्या भागातली जोडणी घट्ट अडकून बसते आणि ती तोडली तर माणूस सुटेल, असा त्यांचा तर्क होता.

तीन महिन्यांत, १२ नोव्हेंबर १९३५ ला, लिस्बनच्या सांता मार्ता हॉस्पिटलमध्ये पहिली शस्त्रक्रिया झाली. हात अर्थातच लिमांचे. कवटीला भोकं पाडून मेंदूच्या पुढच्या भागातल्या पांढऱ्या तंतूंमध्ये अल्कोहोल टोचलं. काही रुग्णांनंतर अल्कोहोल सोडून तारेचा फास असलेलं एक हत्यार बनवलं गेलं, ज्यानं तंतू कापले जायचे. याला त्यांनी ल्युकोटॉमी म्हटलं. जगाला ती पुढं लोबोटॉमी म्हणून माहीत झाली.

पहिल्या २० रुग्णांचा निकाल त्यांनी १९३६ मध्ये जाहीर केला. ७ बरे, ७ सुधारले, ६ आहे तसेच. आकडे वाचायला छान वाटतात. पण हे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर किती काळ बघितले गेले? काहींना काही आठवडे, काहींना फार तर काही महिने. शांत झालेला माणूस बरा झालाय की आतून विझलाय, हे ठरवायला हा वेळ पुरेसा नव्हता. रुग्ण पाठवणारे मानसोपचारतज्ज्ञ सोब्राल सिद यांनाच हे पटलं नाही. त्यांनी पुढं रुग्ण द्यायला नकार दिला.

पण तोवर बातमी जगभर गेली होती. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन यांनी १९३६ मध्येच ही शस्त्रक्रिया सुरू केली आणि १९४६ पासून डोळ्याच्या खोबणीतून हत्यार घालून काही मिनिटांत उरकण्याची पद्धत काढली. एकट्या अमेरिकेत अंदाजे ४० हजार लोकांवर लोबोटॉमी झाली. १९४१ मध्ये पुढचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची बहीण रोझमेरी हिच्यावर झाली आणि ती तरुण मुलगी आयुष्यभरासाठी परावलंबी झाली.

त्या काळी मानसिक आजारावर औषधं नव्हती, इस्पितळं खचाखच भरलेली होती, घरची माणसं हतबल होती, हेही खरं. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिन हे औषध आलं आणि लोबोटॉमी मागं पडली. सोव्हिएत रशियानं तर १९५० मध्येच तिच्यावर बंदी घातली होती.

गोळ्या, नोबेल आणि शेवट

१९३९ मध्ये एक मानसिक रुग्ण थेट मोनीझ यांच्या दवाखान्यात शिरला आणि त्यानं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मोनीझ तेव्हा ६४ वर्षांचे होते. ते वाचले. लोबोटॉमी झालेल्या रुग्णानं सूड घेतला अशी कथा इंटरनेटवर फिरते, पण या रुग्णावर ती शस्त्रक्रिया झालेलीच नव्हती. गोळ्यांमुळं ते कायमचे अपंग झाले, हेही खरं नाही. ते बरे झाले आणि पुढंही काम करत राहिले.

१९४९ मध्ये नोबेल आलं. स्वित्झर्लंडचे वॉल्टर हेस यांच्यासोबत विभागून, आणि मोनीझ यांना ते दिलं गेलं ल्युकोटॉमीसाठी. ज्या अँजिओग्राफीनं पुढं लाखो जीव वाचवले, तिच्यासाठी नाहीच.

१३ डिसेंबर १९५५ ला, वयाच्या ८१ व्या वर्षी, लिस्बनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या गावच्या घराचं आज संग्रहालय झालंय, लिस्बनमध्ये त्यांच्या नावानं हॉस्पिटल आहे, पोर्तुगालच्या १० हजार एश्कुदोच्या नोटेवरही त्यांचा चेहरा होता. दुसऱ्या बाजूला लोबोटॉमी झालेल्यांच्या कुटुंबीयांनी त्यांचं नोबेल काढून घ्या अशी मागणी केली. नोबेल परत घेतलं गेलं नाही.

त्याच लिस्बनमधून आलेलं दुसरं उत्तर

आता एक योगायोग बघा. मेंदूच्या शिरांमधल्या गुठळीबद्दल, म्हणजे सीव्हीटीबद्दल, जगातल्या सगळ्यात जास्त आधार घेतल्या जाणाऱ्या अभ्यासांपैकी एकाचं नेतृत्व लिस्बनच्याच एका डॉक्टरनं केलं. सांता मारिया हॉस्पिटलचे जोझे फेरो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २१ देशांतले ६२४ रुग्ण होते.

आणि या रुग्णांकडं किती काळ लक्ष ठेवलं गेलं? मधला आकडा १६ महिन्यांचा. काही आठवडे नाही.

निकाल दिलासा देणारा होता. सुमारे ७९ टक्के रुग्ण जवळजवळ पूर्ण बरे झाले. साधारण ८ टक्के दगावले. म्हणजे हा आजार जीवघेणा असू शकतो, पण वेळेत ओळखला आणि रक्त पातळ करणारी औषधं सुरू झाली तर बहुतेक जण उठून चालायला लागतात. मोनीझ यांच्या शहरानं त्यांच्याकडं जे कमी पडलं होतं, तेच भरून काढलं असं म्हणायला हरकत नाही.

परफ्युजन स्कॅन नेमकं काय दाखवतं?

सीव्हीटी ओळखायला मुख्य तपासणी म्हणजे सीटी व्हेनोग्राफी किंवा एमआर व्हेनोग्राफी. शिरांचा नकाशा काढायचा आणि कुठं रस्ता बंद आहे ते बघायचं. पण नकाशा रस्ता दाखवतो, ट्रॅफिक नाही. ट्रॅफिक बघायला परफ्युजन.

सीटी परफ्युजनमध्ये शिरेतून आयोडीनचं औषध सोडतात आणि साधारण मिनिटभर मेंदूच्या त्याच भागाचे फोटो पुन्हा पुन्हा काढतात. औषध कधी आलं, किती साठलं, कधी निघून गेलं, यावरून कॉम्प्युटर तीन गोष्टी मांडतो. एक, दर मिनिटाला किती रक्त जातंय. निरोगी मेंदूत हे १०० ग्रॅममागं साधारण ५० मिलिलिटर असतं. दोन, त्या भागात एका वेळी किती रक्त साठलंय. तीन, रक्ताला तो भाग पार करायला किती वेळ लागतोय.

धमनी बंद झाली असेल तर जो भाग मेला तिथं साठलेलं रक्तही कमी होतं. रान वाळलं. शिर बंद झाली असेल तर चित्र वेगळं असतं. रक्ताला पार व्हायला वेळ लागतो, पण साठा बऱ्याचदा कमी होत नाही, उलट वाढलेला दिसू शकतो. हाच फुगवटा. आणि फुगवट्यातली जमीन मेलेली असतेच असं नाही. पाणी उतरलं की ती परत पिकते. सीव्हीटीत मेंदूला आलेली सूज बऱ्याचदा उतरते ती याच कारणानं.

उपचार सुरू झाल्यावर शिर पुन्हा मोकळी होते किंवा आजूबाजूच्या छोट्या शिरा पर्यायी रस्ता तयार करतात. गंमत म्हणजे कधीकधी नकाशात मुख्य रस्ता अजून बंदच दिसतो, पण परफ्युजनमध्ये ट्रॅफिक सुरळीत झालेलं असतं. रुग्ण बरा का वाटतोय, याचं उत्तर तिथं मिळतं.

पण इथंही घाई नको. सीव्हीटीत परफ्युजनचे अभ्यास अजून छोटे आहेत, म्हणून ती प्रत्येकाला करायचीच तपासणी नाही. सीटीत रेडिएशन असतं, त्यामुळं परत परत करणं बरं नाही. एमआरआयमध्ये एएसएल नावाची एक पद्धत आहे, ज्यात औषधही टोचावं लागत नाही. शरीरातल्या रक्तालाच चुंबकानं खूण करायची आणि ते कुठं पोचलं ते बघायचं. वारंवार लक्ष ठेवायला आणि गरोदर बाईसाठी ती जास्त सोयीची.

राधानगरीच्या घरात याचा उपयोग काय?

राधानगरीपासून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. दाजीपूरच्या बाजूच्या वाड्यांवरून तर आणखी लांब. तिथून सीपीआरला किंवा दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात पोचायला वेळ लागतो, म्हणून लक्षणं आधी ओळखता यायला हवीत.

दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी, जी नेहमीच्या गोळीनं थांबत नाही. आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर ती वाढणं. डोळ्यांपुढं अंधुक दिसणं, उलट्या, फिट येणं, एका बाजूचा हात-पाय जड होणं. यातलं काही नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला, गरोदर बाईला किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईला होत असेल, तर उन्हं बाधली, बाहेरचं लागलं किंवा झोप झाली नाही म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना बाळंतपणाचं आणि गोळ्यांचं आठवणीनं सांगा आणि शिरांची तपासणी लागेल का, हे विचारा.

आपल्याकडं बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत अजून काही घरांत आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि गुठळीचा धोका वाढतो. बाळंतिणीला पाणी द्या, भरपूर द्या.

आणि सीव्हीटीचा उपचार सुरू झाला की रक्त पातळ करणारी औषधं साधारण ३ ते १२ महिने चालतात. डोकं दुखायचं थांबलं म्हणून मधेच बंद करायची नाहीत. त्यातलं औषध वॉरफेरिन असेल तर ठरलेल्या दिवशी रक्ताची आयएनआर तपासणी चुकवायची नाही. पुढच्या स्कॅनची तारीख दिली असेल तर शेतातलं काम असो नाहीतर यात्रा, त्या तारखेला जायचं.

मोनीझ यांनी अँजिओग्राफीत एक फोटो पुरेसा मानला नाही, सेकंदासेकंदाला पुढचा फोटो काढला, म्हणून त्यांना शिरा दिसल्या. लोबोटॉमीत त्यांनी पुढचा फोटो काढायची वाट पाहिली नाही आणि त्याची किंमत हजारो घरांनी मोजली. दवाखान्यातून घरी सोडलं म्हणजे आजार संपला, असं वाटणं साहजिक आहे. पण पाऊस थांबला म्हणून पूर उतरला असं कोल्हापूरचा माणूस कधी म्हणत नाही. तो पंचगंगेची पातळी रोज बघतो.